बंड्याला रविवारच्या आत थांबव

प्रिय नंद्या,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत बरी, गुडघा तसाच. लिहितोय ते बंड्यासाठी. त्याला टॉम अँड जेरीचं जुनं १६ मिमीचं रीळ मिळालंय आणि रविवारी तो ते स्कॅन करून एका बटणात चकाचक करणार आहे. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल.

धूळ पुसायचं ते सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून बघतं. मधल्याच फ्रेममध्ये काही दिसलं की ती धूळ, पुसून टाक! माणसांच्या सिनेमात हे बऱ्यापैकी निभावतं. कार्टूनमध्ये एक चित्र सहसा दोन फ्रेम टिकतं, पण पळापळ सुरू झाली की दर फ्रेमला नवं चित्र. टॉमच्या मागे कोरड्या ब्रशने ओढलेले फराटे तर एकाच फ्रेमचे धनी. यंत्र ते पुसतं, मग मिशा अर्ध्या होतात, पंजाची कड तुटते. डीव्हीडीच्या जमान्यात अधिकृत संचांमध्येसुद्धा हे झालंय. तुझ्या वॉर्नर स्टुडिओवाल्या दिग्दर्शक चक जोन्सने १९४२ च्या ‘द डोव्हर बॉईज’मध्ये माणसंच्या माणसं रबरासारखी ताणली, ते ताणच पुसले तर गंमत कुठे उरली? (जोन्स थोर, मान्य. पळावं मात्र टॉम अँड जेरी काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्या मांजरानेच. भांडण चालू ठेवू.)

आणि मूळ निगेटिव्हकडे परत जाऊ म्हणावं, तर एमजीएमच्या कितीतरी कार्टूनच्या नायट्रेट (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या) निगेटिव्ह १९७८ साली रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन हाउसच्या आगीत गेल्या. टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीसाठी प्रत्येक फ्रेम लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीनदा, एकाच कृष्णधवल पट्टीवर टिपायचे. सात मिनिटांच्या कार्टूनला १०,०८० फ्रेम, म्हणजे ३०,२४० एक्स्पोजर. एवढ्या कष्टाचं काम जळालं, म्हणून जुनी प्रिंट जपायची.

त्याला सांग, रीळ आधी प्रोजेक्टरवर चढवू नकोस. डबा उघडून वास घे. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, सडायला लागलंय. ते रीळ बाकीच्यांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेव. मग फिल्मच्या कडेच्या १०० छिद्रांची लांबी मोज. ७६२ मिमीच्या आसपास हवी. ७५४ च्या खाली गेली तर फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली, प्रोजेक्टरचे दाते छिद्रं फाडतील. अशा वेळी दात्यांशिवाय, रोलरवर फिल्म ओढणारा स्कॅनरच हवा. सगळंच गुलाबी-तांबडं दिसत असेल तर ईस्टमनकलर या रंगीत फिल्मचा रंग उतरलाय. निळा-हिरवा रंग अजून ताजा असेल तर बहुधा टेक्निकलरची छपाई, नशीब काढलंन! सुरुवातीची शीर्षकंही नीट बघ. पुनर्प्रदर्शनाच्या वेळी स्टुडिओ ती बदलत. वॉर्नरने ‘ब्लू रिबन’ नावाच्या पुनर्प्रदर्शनांसाठी ती मूळ निगेटिव्हमधूनच कापली. जुनी शीर्षकं असतील तर ती सोनं आहेत.

स्कॅनचा कच्चा डेटा दोन डिस्कवर ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. धूळ काढायचीच तर प्रतीवर, फ्रेम बघून, हाताने. ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, पुसण्याचा पर्याय बंद. साडेदहा हजारही फ्रेम नाहीत, बंड्याला वेळच वेळ आहे.

ताईंचं मोतीबिंदूचं झालं का? लेकीचं ॲडमिशन? दोन ओळी तरी लिही. पण आधी बंड्याला फोन कर.

तुझा,
अव्या