पोरीच्या लग्नाआधी कोणते कागद करायचे

दारव्हा

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

पोरीचं साक्षगंध झालं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली, वाचून फार आनंद झाला. जावई पुण्याला नोकरीत, वावर इकडे, म्हणून लग्नाआधी स्टँपवर करार करून घ्यावा असं तू म्हणतोस. काळजी रास्त आहे गड्या. पण सगळं एकाच कागदात बांधलंस तर गरजेच्या वेळी तो कामी येणार नाही.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे असा करार लग्नाआधी नोंदवता येतो आणि तो दोघांना बांधतो. आपल्याकडे हिंदू लग्नासाठी तसा कायदा नाही. कोर्ट 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 लावतं आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल ते रद्द करतं. ‘सासुरवाडीलाच राहीन’ असं नवऱ्यानं लग्नाआधी लिहून दिलेलं 1901 मध्ये कलकत्ता हायकोर्टानं मानलं नव्हतं. ‘पोटगी मागणार नाही’ असं पोरीकडून लिहून घेतलं तरी तिचा हक्क जात नाही. लेकरं कोणाकडे राहतील हेही आधी ठरवता येत नाही. कोर्ट त्या वेळी लेकराचं हित बघतं.

म्हणून करारापेक्षा नोंदी कर. पहिली नोंद भेटवस्तूंच्या यादीची. हुंडाबंदी कायद्याखाली अशा यादीचे 1985 चे नियम आहेत, पण आपल्याकडे आहेराच्या वहीपलीकडे कोणी जात नाही. त्या वहीत ‘मामा, पोत’ एवढंच असतं, आणि पुढं भांडण त्यावरूनच होतं. नवरीची यादी वेगळी, नवरदेवाची वेगळी. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली दोघांच्या सह्या. असं लिही: ‘सोन्याची पोत, 22 कॅरेट, 15 ग्रॅम, पावती क्रमांक अमुक, दिली मामांनी.’ एकदाणी, गोफ, आंदणाची भांडी, आलमारी, सगळं याच रीतीनं. पावत्या आणि दागिन्यांचे फोटो सोबत जोड. यादी लग्नातच कर, महिन्याभरानं केली तर आठवणींचा वाद होतो. सासूकडं सांभाळायला दिलेलं सोनंही पोरीचंच राहतं, हे सुप्रीम कोर्टानं 1985 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी लॉकर तिच्या नावावर असू दे. आणि मागून घेतलेली रक्कम यादीत ‘भेट’ म्हणून लिहू नको. तो हुंडाच होतो, आणि देणाराही गुन्हेगार ठरतो.

दुसरी नोंद वावराची. सोयऱ्यांना आधी विचार, सातबारा कोणाच्या नावावर आहे? ‘लक्ष्मी मुक्ती’ या सरकारी योजनेच्या 1992 च्या परिपत्रकानं नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, पण मालक नवरा स्वतः असला पाहिजे. सासऱ्याच्या नावावरच्या वावराला हे चालत नाही. लग्नानंतर जावयानं पटवाऱ्याकडं अर्ज द्यावा आणि फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून नाव स्वतः वाचावं. अर्जाची पोच म्हणजे नोंद नव्हे. नवऱ्यानं बायकोला शेती किंवा राहतं घर बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. पण बक्षीसपत्राला दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकाकडं नोंदणी हवीच. नोटरीच्या शिक्क्यानं वावर नावावर होत नाही. इथं माणसं सर्वांत जास्त फसतात. एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर आधी वाटणी, आणि भोगवटादार वर्ग-2 (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर आधी सरकारची परवानगी.

तिसरी गोष्ट विम्याची. कास्तकाराच्या घरात ही फार मोलाची आहे, म्हणून विसरू नको. नवऱ्यानं स्वतःच्या जिवावर पॉलिसी काढताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली ती बायकोच्या नावे करावी, तसा फॉर्म अर्जासोबतच भरायचा असतो. मग ती रक्कम नवऱ्याच्या कर्जात बँकेला जप्त करता येत नाही. जुन्या पॉलिसीला हे लागत नाही. आणि कर्ज बुडवायच्याच हेतूनं काढली असेल, तर भरलेल्या हप्त्यांपुरता सावकाराचा दावा राहतो.

एवढं झाल्यावरही करार करायचा असेल तर कर. त्यात लग्नाआधीची मालमत्ता कोणाची आणि आधीचं कर्ज कोणाचं, एवढंच लिहा. पुढं पुरावा म्हणून उपयोग होतो. 500 रुपयांचा स्टँप, दोघांना वेगळे वकील, दोन साक्षीदार, आणि लग्नाच्या निदान महिनाभर आधी सह्या. हळदीच्या दिवशी घेतलेली सही दबावाखालची म्हणून उडू शकते. लग्नानंतर केलेला करारही याच मापानं तपासला जातो. पंचांसमोर स्टँपवर काडीमोड लिहून घेतात ना, तसली फारकत रूढी सिद्ध झाल्याशिवाय कोर्ट मानत नाही, हे पोरीला नीट सांग.

जावयाच्या घरच्या सातबाऱ्याची आणि आठ-अची (खातेउताऱ्याची) ताजी नक्कल मला पाठव, ती पाहून पुढचं लिहितो. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर