अंकुश हवा, मर्जी नको

अमेरिकेतील नियामक संस्थांचे सदस्य अध्यक्षांना हवे तेव्हा हटवता यावेत, असे मत मांडणारा लेख वाचला. तो पटला नाही. निवडून न आलेल्या या सदस्यांवर अंकुश कोणाचा, हा त्यातील प्रश्न रास्तच आहे. पण १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार या संस्थांना बहुतेक नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. महत्त्वाच्या हरकतींना उत्तर दिले नाही, तर न्यायालय नियम रद्द करू शकते. संदिग्ध कायद्याचा अर्थ लावताना संस्थांना मिळणारे झुकते मापही सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये काढून घेतले.

फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारातील स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणाऱ्या आयोगासारखी संस्था नियम तर करतेच, शिवाय एखाद्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा निवाडाही करते. म्हणून तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तिथे पाच सदस्य, सात वर्षांची मुदत आणि एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन अशी रचना केली. हटवण्यासाठी अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन ही कारणे घातली. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी निव्वळ धोरणभेदावरून या आयोगाचे सदस्य हम्फ्री यांना हटवले, तेव्हा १९३५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते बेकायदा ठरवले. सदस्याच्या डोक्यावर बडतर्फीची टांगती तलवार असेल, तर कंपन्या आयोगापुढे पुरावे मांडण्याऐवजी व्हाइट हाऊसमध्ये वशिला शोधतील.