सूचना – २०० आणि ४०० मीटर पोहणाऱ्यांच्या टेक सूटबद्दल (शर्यतीत घालायचा घट्ट स्विमसूट)

मंडळी नमस्कार, स्पर्धा जवळ आल्या की सगळे सर्वात टाइट सूट शोधायला लागतात म्हणून लिहितोय. ५० मीटरवाल्यांचा कडक कॉम्प्रेशनवाला, म्हणजे अंग दाबून धरणारा सूट तुम्ही घेऊ नका, ४०० फ्रीस्टाइलच्या शेवटच्या शंभर मीटरात मांड्या आधीच भरून आलेल्या असतात आणि त्यात कंबरेला सूट अडवत असेल तर किक मरते, २०० ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना तर पाय नीट मोकळे व्हायलाच हवेत. स्पीडो कंपनीच्या सूटमध्ये प्युअर इंटेंट मॉडेलपेक्षा प्युअर व्हॅलर हलका आणि लवचिक आहे, आधी तो घालून बघा.

घातल्यावर पूर्ण खाली बसा, हात वर ताणा. खांद्याचे पट्टे रुतले किंवा मांडीशी पाणी शिरेल एवढी फट राहिली तर साइझ चुकली.

२०१० पासून आंतरराष्ट्रीय नियम तोच आहे, फक्त कापडी सूट, मुलांचा बेंबीखाली ते गुडघ्याच्या वर, मुलींचा खांदा ते गुडघा, झिप नाही. मंजुरीचं लेबल बघूनच पैसे द्या, आणि एकावर एक दोन सूट चालत नाहीत हे मुलांना नीट सांगा.

चढवताना नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर सरकवा, वीसेक मिनिटं हाताशी ठेवा. मशीनला तर अजिबात टाकू नका, साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा.

बारा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी एवढा खर्च आत्ता करूच नये असं मला मनापासून वाटतं, साधा जॅमर (गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी) पुरतो. साइझबद्दल शंका असेल तर ऑर्डर करायच्या आधी विचारा.