बोटे गेली, दोषही कामगाराचाच?

यंत्रात हात सापडून कामगाराची बोटे तुटल्याची बातमी (कालचा अंक) वाचली. ‘निष्काळजीपणामुळे अपघात’ हे तिचे उपशीर्षक मात्र फार खटकले. चौकशी व्हायच्या आधीच निकाल लागला!

मी अनेक वर्षे पॉवर प्रेसवर, म्हणजे साच्यात पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या यंत्रावर, काम केले आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते. त्यामुळे हात साच्याबाहेर राहतात. पण त्यातले एक बटण चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले आहे. मग एक हात मोकळा राहतो आणि काम भरभर होते, पण तोच हात साच्यात सापडू शकतो. हे कोणी हौसेने करत नाही. पाळी संपताना नग कमी भरले की बोलणी कामगारालाच खावी लागतात.

संरक्षक आवरण जागेवर नसताना कामगाराला यंत्र चालवायला लावू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९६३ चा ११९ क्रमांकाचा करार सांगतो. भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची अट तर जर्मनीने १८८४ च्या अपघात विमा कायद्यातच काढून टाकली. तरीही उपचार सुरू असतानाच जखमी माणसाकडून ‘चूक माझीच’ अशा कागदावर सही घेतली जाते. वेदनेत आणि नोकरी जाण्याच्या भीतीत तो सही करतोही.

आपल्या वार्ताहराने पुन्हा तिथे जावे. आवरण जागेवर होते का, ते कोणी काढले आणि या कामगाराला भरपाई मिळाली का, हेही तितक्याच ठळकपणे छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त प्रेस ऑपरेटर