मशीन विकू नकोस, आधी हे वाच

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय पक्या,

पट्ट्याचं ग्राइंडर विकायला काढलंस म्हणालास परवा फोनवर. जरा दम धर. तुझं-माझं मशीन एकाच जातीचं: पट्टा 25 मिलिमीटर रुंद, 762 लांब, आणि अंग पापडासारखं. मीही दिवाळीत ते भंगारात घालायला निघालो होतो. गाडीच्या कमानीच्या पाट्याच्या चार सुऱ्या केल्या आणि चारहींचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होणारी बाजू, नागमोडी. म्हटलं, आपल्या हातातच काही नाही.

मग एक सरळ पट्टी काळ्या मार्करने रंगवून पट्ट्यावर हलकेच टेकवली. कडा चकाकल्या, मधला भाग काळाच. मशीन बंद करून पट्ट्यामागची पाठ अंगठ्याने दाबली, तर चक्क आत गेली! नुसता वाकवलेला पत्रा रे तो. मी मात्र महिनाभर स्वतःच्या हाताला शिव्या देत बसलो होतो.

उद्यमनगरातून 10 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी सरफेस ग्राइंडरवर सपाट करून आणली आणि पत्र्याच्या जागी बसवली. तिची वरची कड कानशीने गोल कर, नाहीतर पट्ट्याचा सांधा दर फेरीला तिथे थाडथाड आपटतो. वर फुटक्या इंडक्शन शेगडीच्या काचेचा तुकडा चिकटवला, पाणी सोडत डायमंड चकतीने कापून. काच सहजी झिजत नाही, पट्टाही तिच्यावरून सुळकन सरकतो. पण मी पहिल्यांदा साधा दोन नळ्यांचा इपॉक्सी लावला. मागचं लोखंड तापलं, इपॉक्सी मऊ पडला आणि काच सुटून थेट पायाशी. नशीब, चष्मा डोळ्यांवर होता. आता उष्णता सोसणारा इपॉक्सी आहेच, शिवाय काचेच्या बुडाला दोन स्क्रूंचा टेकू दिलाय. गॅसच्या शेगडीची काच मात्र घेऊ नकोस. ती टफन्ड असते, कापायला गेलास की चुरा.

वरचं चाक डुलत होतं, त्याचे बेअरिंग बदलले. लेथवर चाकाला मधोमध किंचित फुगवटा ठेवून घेतला, तेव्हापासून पट्टा आपणहून मध्यावर राहतो.

आता वेग. मोटर मिनिटाला साधारण 2850 फेरे घेते, तिच्यावरचं चाक 100 मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे पट्टा सेकंदाला जवळपास 15 मीटर पळतो. कच्चं पातं उतरवायला झकास. पण पाणी दिलेल्या पात्याची पातळ धार टेकवली की तीन सेकंदांत निळी. ओव्हनमध्ये 200 अंशांवर टेंपर केलेलं, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं पातं 300 च्या आसपास गेलं की पाणी उतरलंच समज. माझं एक असंच गेलं. पंख्याचा रेग्युलेटर लाव, असं कुणीतरी सांगेलच तुला. ग्राइंडरची कपॅसिटरवाली मोटर त्याला नीट दाद देत नाही, नुसती तापते. मी जुन्या बाजारातून अर्ध्या एचपीची थ्री फेज मोटर घेतली आणि घरच्या 230 व्होल्टवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे घरच्या विजेची थ्री फेज करून मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या तारा जोडायच्या दोन पद्धती; नेमप्लेटवर डेल्टाला 240 व्होल्टच्या आसपास लिहिलेलं बघूनच मोटर घे, आणि वायरमनकडून स्टारची डेल्टा जोडणी करून घे. 25 हर्ट्झला वेग निम्मा होतो. धार काढताना मी त्याहून वर जात नाही, आणि दर घासणीला पातं पाण्यात बुडवतो. व्हीएफडी झाकणाच्या डब्यात ठेव. लोखंडाची धूळ आत गेली तर तो एका दुपारी बसेल.

सगळ्यात मोठा खर्च या मोटरचाच. तो तू सहा महिन्यांनी केलास तरी चालेल. पाठ मात्र याच आठवड्यात बदल, ती सोडून बाकी काहीही केलंस तरी उतार सरळ येणार नाही.

पाचवी सुरी सोबत पाठवतोय. वहिनींना कांदा चिरायला दे आणि काय म्हणतात ते खरंखरं कळव.

तुझाच,
बाळ्या

ता.क. ठिणग्या पडतात तिथे पाण्याची बादली ठेव. मुठीचं लाकूड घासलेला भुसा आधी झाडून काढ, मगच लोखंडाला हात घाल. माझ्याकडे एकदा भुशातून धूर निघाला होता. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.