डायलिसिसच्या खाटेवर मोजे काढा

मा. संपादक, स. न. वि. वि.

मधुमेहाने किडनी निकामी होऊन डायलिसिसवर आलेला रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास खाटेवर असतो. वजन, बीपी, हाताचा फिश्चुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी जोडून तयार केलेली रक्तवाहिनी) सगळे तपासले जाते. पाय मात्र चादरीखालीच राहतात. वास्तविक पाय कापावा लागण्याचा धोका याच रुग्णांना सर्वाधिक. नसा बधिर, रक्तवाहिन्या कॅल्शियम साचून कडक झालेल्या. जखम झालेली कळत नाही आणि लवकर भरतही नाही.

‘रोज पाय पाहत जा’ हा सल्ला इथे अर्धाच उपयोगी, कारण नजर अधू असते आणि सुजेमुळे वाकवत नाही. घरच्या कुणीतरी चांगल्या उजेडात तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाय कोमट पाण्याने धुवावेत, भिजत ठेवू नयेत. पाणी घरच्यांनीच कोपराने पाहावे. खोबरेल तळव्याला लावावे, बेचक्यांत नको, तिथे चिखल्या होतात. नखे सरळ कापावीत आणि तीही डायलिसिसच्या दिवशी नको. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिनमुळे रक्त लवकर थांबत नाही. कुरुपाला ब्लेड किंवा औषधी पट्टी लावू नये, पट्टीतले आम्ल चांगली कातडीही जाळते.

अंगठ्याची चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराच्या) तळाची घ्यावी. माप डायलिसिसच्या आधी, पाय सुजलेला असताना द्यावे; नंतर दिलेले माप दोन दिवसांत घट्ट होते. उन्हाळ्यात सिद्धेश्वर मंदिरात जायचे तर सकाळी लवकर, मोजे घालून. दुपारची फरशी बधिर तळव्याला फोड आणते.

डायलिसिस चालू असताना थंडी वाजते, मग नातेवाईक पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवतात. चटका कळत नाही, फोड दिसतो तो घरी गेल्यावर. सोलापुरात चादरींना काय तोटा? दोन घाला, पण पिशवी नको. टाचही चार तास गादीवर दाबली जाऊन काळी पडते. पोटरीखाली उशी देऊन ती अधांतरी ठेवावी.

शहरातल्या डायलिसिस केंद्रांना विनंती, की आठवड्यातून एका पाळीत मोजे काढून पाय पाहावेत, दर एक ते तीन महिन्यांनी 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायच्या नायलॉनच्या धाग्याने) संवेदना आणि हाताने पायाची नाडी तपासावी, नोंद डायलिसिसच्याच फाइलमध्ये ठेवावी. फोड, चीर, काळा डाग, वास यांपैकी काहीही दिसले तर हळद-चुना न लावता स्वच्छ गॉज बांधून त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावे. दुखत नाही, ताप नाही म्हणून पुढच्या पाळीपर्यंत थांबू नये.

— मधुमेही पायांच्या शुश्रूषेत काम करणारे, सोलापूर