साखरेच्या दारातून शिरणारं मेलाटोनिन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, या खेपेला प्रोस्टेटच्या कॅन्सरचं तिमाही इंजेक्शन चुकवलं. का, म्हणून विचारलं तर उशाखालची डबी काढून पुढे ठेवली. मेलाटोनिनच्या, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाच्या, संत्र्याच्या चवीच्या गोळ्या, चघळायच्या, वर साखर भुरभुरलेली. "हे कॅन्सरच्या पेशीत थेट घुसतंय म्हणे." पोराने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून मागवली होती.

वैताग याचा, की तेवढं एक वाक्य खोटं नव्हतं. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. मेलाटोनिन चरबीत सहज विरघळतं, म्हणून पेशीच्या पटलातून आपोआप झिरपतं, असंच आम्ही सांगत आलो. पण २०१५ मध्ये स्पेनमधल्या ओव्हिएदो विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रोस्टेटच्याच कॅन्सरपेशी घेऊन दाखवलं, की ग्लुकोज ज्या ग्लुट-१ नावाच्या प्रथिनातून आत शिरतं, त्याच दाराने मेलाटोनिनही शिरतं. कॅन्सरपेशी साखरेच्या हावऱ्या. कॅन्सर कुठे आहे ते बघायच्या पेट स्कॅनच्या आधी किरणोत्सारी साखर टोचतात ती त्यासाठीच. आणि दाराशी साखरेची गर्दी झाली की मेलाटोनिन आत कमी जातं. (अण्णांच्या गोळीवर साखरच होती, ते सोडा.)

पण ही प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींची गोष्ट. माणसांचं काय झालं ते त्या मजकुरात नव्हतं. कॅनडात फुप्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या ७०९ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलाटोनिन, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: दोन वर्षांत रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. अण्णांची गोळी ५ मिलिग्रॅमची.

मला खरं टोचतं ते वेगळंच. अण्णांनी एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली, त्यातली बरीचशी रातपाळीत. रात्रभर डोक्यावर ट्यूबलाइट, सकाळी घरी येऊन खिडकीला चादर टांगून झोपायचं, पत्र्याखाली, मे महिन्यातसुद्धा. मेलाटोनिन शरीर स्वतःच बनवतं, अंधार पडला की. डोळ्यांवर उजेड आला की ते थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं आहे. अण्णांचा आजार त्यामुळेच झाला असं कुणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या गावात शेडमधून रात्रीही मागांचा खडखडाट चालतो, तिथे मेलाटोनिनची चर्चा डबीपासून सुरू व्हावी, हे काही पटत नाही.

अण्णांचं इंजेक्शन सोमवारी झालं. डबी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी फाइलवर नोंद केली आणि विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं.

आपल्या दैनिकाने एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाकडून या विषयावर लिहून घ्यावं, ही विनंती. त्यातला थोडा भाग तेलुगूतही छापता आला तर बघा. सोलापूरच्या पूर्व भागात पुष्कळ घरांतली म्हातारी माणसं मराठी बोलतात झकास, पण औषधाचं ऐकतात ते तेलुगूतून.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर